पलीकडच्या काठावरचा पाद्री

कोडोली
१२ जून १९७४

ती. आक्कास,
शांतवनचा सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. रिबूला दिवस गेले आहेत हे तिच्या आईला, शालूला, आधीच ठाऊक असावं, कारण मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती आणि निवडतच राहिली.

तू लिहितेस की पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, तेव्हा रिबूला कोडोलीला घेऊन जा. रीत मलाही माहीत आहे. पण ती लग्न झालेल्या मुलीची रीत आहे. रिबूनं जानेवारीत त्या नृसिंहाबरोबर लग्न-नोंदणीच्या कचेरीत जाऊन सह्या केल्या. सह्या मी शाळेच्या हजेरीवर तीस वर्षं केल्या, त्यानं कुणी माझी बायको झाली नाही.

शिवाय आता प्रश्न माझ्या एकट्याचा राहिलेला नाही. आपल्या चर्चच्या मंडळीनं ठरवलं आहे की हे लग्न चर्चमध्ये नीट होत नाही तोवर रिबूनं प्रभुभोजनाची भाकर आणि पेला घेऊ नये, आणि चर्चला आली तर मागच्या बाकावर बसावं. मी मंडळीचा पंच आहे. मंडळी जिला मागे बसवते तिला मी घरात आणून मानानं कसं बसवू?

लग्न म्हणजे काय हे तुला सांगायला नको, तू माझ्या लग्नात होतीस. त्रेचाळीस सालचा आषाढ. सगळं गाव म्हणत होतं की आषाढात कुणी लग्न करतं का. आपल्या आबांनी मुद्दाम आषाढच धरला, आपण मुहूर्त मानत नाही हे गावाला दिसावं म्हणून. वारणेला ते कुणी कळवलं नव्हतं. पाद्रीसाहेब पलीकडच्या काठावर छत्री धरून उभे, अलीकडे आपण सगळे, मध्ये लाल पाणी. गुऱ्हाळावरचा आकाराम गुळाची काहील घेऊन त्यांना आणायला गेला आणि रिकामा परत आला. "पाद्रीबाबा म्हणत्यात, म्या काय ह्या कढईत बसणार न्हाय. तुमचं तुम्ही उरका." मग आपल्या सुवार्तिक गुंडूमास्तरांनी लग्न लावलं. त्यांचा कोट कोपरावर फाटलेला होता. शालूचं बोट भिजून फुगलं होतं, अंगठी जाता जाईना. पण आम्ही देवासमोर आणि मंडळीसमोर वचन दिलं आणि लग्न झालं. ना कचेरी, ना शिक्का. एकतीस वर्षं झाली. ही गोष्ट मी प्रत्येक लग्नाच्या भाषणात सांगतो, शाळेतल्या पोरांनासुद्धा पाठ आहे. लग्न देव लावतो.

तुझ्या गल्लीत आण्णा वकील राहतात. त्यांना एवढं विचार की सह्या झालेल्यांना पुन्हा चर्चमध्ये लग्न करता येतं का, आणि मुलगा बाप्तिस्मा घ्यायला तयार नसेल तर कायदा काय म्हणतो. वाट दिसली तर मी रिबूला न्यायला तयार आहे. मला काही हौस नाही तिला दूर ठेवायची.

तुझा
शांतवन


कसबा बावडा
२० जून १९७४

चि. शांतवनास,
आक्काचा सलाम.

तू सह्यांची थट्टा केलीस म्हणून सांगते. त्यातली एक सही माझी आहे. तीन साक्षीदार लागतात. एक मी आणि दोन नृसिंहाच्या कारखान्यातल्या कचेरीतले, कृष्णात आणि त्याचा भाऊ. तुला हे रिबूनं सांगितलं नाही, कारण तू तिला पुरं बोलू दिलं नाहीस.

तिथं काय होतं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. आपल्याकडे तीन रविवार चर्चमध्ये पुकारा करतात, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणून. तिकडे महिनाभर फळ्यावर नोटीस असते. म्हणजे हरकत घ्यायला तुला जास्तच वेळ मिळाला होता. मग अधिकाऱ्यासमोर एकमेकांना म्हणावं लागतं की मी तुला पती म्हणून स्वीकारते, पत्नी म्हणून स्वीकारतो. बोलताना रिबू गडबडली आणि 'पत्नी म्हणून' म्हणाली, तेव्हा अधिकारीही हसला. वचन होतंच, फक्त गाणं नव्हतं.

मी स्वतः लग्न केलं नाही. जन्मभर नर्स म्हणून दुसऱ्यांची बाळंतपणं केली. तेव्हा या वादात मला निःपक्ष समजायला हरकत नाही. बाळंतपणाच्या खाटेवर आलेल्या एकाही बाईला मी विचारलं नाही की तुझं लग्न कुणी लावलं.

नृसिंहाची आई, माई, तुझ्याच बाजूची आहे. हे वाचून तुला बरं वाटेल. होम नाही, सप्तपदी नाही, कागदावर कुठं लग्न होतं, असं ती रोज एकदा तरी म्हणते. रिबूला ती अजून नावानं हाक मारत नाही. 'अगं' म्हणते. पण परवा ती स्वतः माझ्याकडे आली आणि म्हणाली, "लग्न मला मान्य नाही ते नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. हिला माहेर आहे की नाही, तेवढं हिच्या वडिलांना विचारून सांगा."

तर विचारलं.

वकिलांकडे जाऊन येते.

आक्का


कोडोली
२९ जून १९७४

ती. आक्कास,
सलाम.

तू साक्षीदार होतीस हे वाचलं. त्यावर लिहायला बसलो तर भाषा बिघडेल, म्हणून लिहीत नाही.

माईंना सांग की माहेर आहे. मुलीनं रीतसर लग्न करावं, दार उघडं आहे. त्या बाई आणि मी वेगळ्या धर्माचे असून एकाच मताचे आहोत, यावरूनच काय ते ओळख.

वकिलांना माझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखव. तू तुझ्या शब्दांत सांगायला गेलीस की विषयाचं भलतंच होतं.

शांतवन


कसबा बावडा
११ जुलै १९७४

चि. शांतवनास,
सलाम.

तू सांगितलंस तसंच केलं. आण्णा ओट्यावर पान जमवत बसले होते. मी तुझं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. काहिलीच्या गोष्टीपाशी ते खूप हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, तेवढा भाग पुन्हा वाचा. मी वाचला.

"हे गुंडूमास्तर दीक्षा घेतलेले पाद्री होते का?"

मी म्हटलं, नाही, सुवार्तिक होते. गावोगाव फिरून भजनं म्हणायचे आणि बायबलाचं शास्त्र सांगायचे.

"लग्न लावायचं सरकारी लायसन होतं त्यांच्याकडे?"

"सायकलचंही नव्हतं."

"बरं, पाणी उतरल्यावर पाद्री आले असतील. त्यांनी पुन्हा वचनं घेतली?"

"नाही. प्रार्थना केली आणि जेवण घेतलं."

आण्णांनी पान तोंडात टाकलं आणि चुन्याचं बोट ओट्याच्या कडेला पुसलं. मग म्हणाले, "बाई, मुलीचं राहू द्या. तुमच्या भावाचंच लग्न कायद्यानं झालेलं नाही."

मला वाटलं चेष्टा करताहेत. ते म्हणाले, ख्रिस्ती माणसाचं लग्न कुणी लावायचं हे कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीच नेमून दिलं आहे. नोटीस चुकली, वेळ चुकली, तर चालतं. पण लावणारा माणूसच चुकला तर लग्न उभं राहत नाही. मी विचारलं, मग आता काय? ते म्हणाले, काही नाही. एवढी वर्षं नवरा-बायको म्हणून नांदलेल्या माणसांना कुठलं कोर्ट सहसा हात लावत नाही. "पण तुम्ही मला कायदा विचारलात, म्हणून कायदा सांगितला."

आता तुझा मूळ प्रश्न. रिबूच्या लग्नात खोट काढायला ब्रह्मदेव आला तरी काही सापडणार नाही, असं ते म्हणतात. वरून चर्चमध्ये प्रार्थना करा नाहीतर सात पावलं चाला, कायद्याला त्याचं सोयरसुतक नाही. बाप्तिस्म्याची अट तुमच्या चर्चची असेल, कायद्याची नाही.

हे तुला कळवावं की नाही याचा मी विचार करत होते. पण जसंच्या तसं हा शब्द तुझाच होता. माझं म्हणशील तर मला यात घाबरण्यासारखं काही वाटत नाही. शास्त्रातले आपले मूळ पितर बायकोला तंबूत घेऊन जायचे आणि ती त्यांची बायको व्हायची. तिथं लायसन कुणी बघितलं होतं? मी त्या दिवशी काठावर होते. तुमचं लग्न लागताना मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आक्का


कसबा बावडा
८ ऑगस्ट १९७४

चि. शांतवनास,

तुझं उत्तर नाही. कार्डावर जास्त लिहीत नाही, पोस्टमनही वाचतो. रिबूची तब्येत बरी आहे, पायांना थोडी सूज आहे. टपालाच्या वेळी ती माझ्याकडे येते आणि पीठ मागायला आले असं सांगते. माझ्याकडचं पीठ संपत आलं.

आक्का


कोडोली
२० ऑगस्ट १९७४

ती. आक्का वन्सं यांना,
शालूचा सलाम.

तुमचं कार्ड यांनी वाचलं आणि शास्त्राच्या पुस्तकात ठेवलं. उत्तर ते लिहिणार नाहीत असं दिसतं, म्हणून मी लिहिते.

जुलैचं तुमचं मोठं पत्र आलं तेव्हा हे दोन दिवस ते खिशात घेऊन फिरत होते. तिसऱ्या दिवशी पाद्रींकडे गेले. आताचे पाद्री तरुण आहेत. ते म्हणाले, मास्तर, यात काय अवघड आहे, माझ्याकडे लायसन आहे. तीन रविवार पुकारा करतो आणि सकाळी लवकर उरकून टाकतो. हे खुशीत घरी आले. मला म्हणाले, "शालू, आपण पुन्हा लग्न करू."

वन्सं, माझ्या हातात शेणाची पाटी होती. मी म्हटलं, "म्या लगीन झालेली बाई हाय. नवरी व्हायाचं वय न्हाय माझं."

ते म्हणाले, "कायद्यानं झालेलं नाही."

"परवापतूर कायदा म्हंजे नुसत्या सह्या हुत्या की. आता कुठनं मोठा झाला? गुंडूमास्तरांपुढं म्या व्हय म्हटलं ते खरं का खोटं, एवढंच सांगा."

ते म्हणाले, खरं.

"मग रिबूनं कचेरीत व्हय म्हटलं ते?"

यावर ते गोठ्याकडे निघून गेले. म्हशीला पाणी दाखवायची वेळ नव्हती.

तुम्हाला त्यांनी लिहिलं असेल की मंडळीनं ठरवलं. मंडळी म्हणजे हेच. पाद्री म्हणाले होते, जाऊ द्या, पोरगी येऊ द्या, हळूहळू बघू. बाकीचे पंच गप्प बसले होते. मागच्या बाकाचा ठराव यांनीच मांडला. आपल्या मुलीला सवलत दिली असं कुणी म्हणू नये म्हणून. बाहेर येऊन मला सांगितलं की मंडळीचा निर्णय आहे, आपला इलाज नाही. पाद्रींच्या बायकोनं मला खरं सांगितलं. सात वर्षं वाट बघून ही एक मुलगी झाली, वन्सं. तिला माझ्याच माणसानं मागं बसवलं, हे मी कुणाला सांगू?

पण गेल्या रविवारी माझ्यानं राहवलं नाही. पुकाऱ्याचं यांनी पुन्हा काढलं होतं. मी म्हटलं, बरं, तुमच्या हिशेबानं मी बिनलग्नाची. मग माझी जागा कुठली ते मला माहीत आहे. मी चर्चमध्ये गेले आणि मागच्या बाकावर बसले. बायका वळून बघायला लागल्या. प्रभुभोजनाचं ताट त्या दिवशी यांच्याच हातात होतं. पुढून वाढत वाढत ते शेवटी माझ्यापाशी आले. मी मान हलवली. ते तसेच उभे राहिले. ताटातले पेले एकमेकांवर वाजत होते. सगळ्या चर्चनं ते ऐकलं.

येत्या शनिवारी पहिल्या एस.टी.नं मी येते. डिंक, अळीव, खोबरं घेतलं आहे. रिबूला माहेर मिळत नसेल तर आई तर मिळेल.

तुमची
शालू
(नावाच्या आधी सौ. लिहायचं की नाही, ते तुमच्या भावानं ठरवलं की लिहीन.)


कसबा बावडा
५ सप्टेंबर १९७४

चि. शांतवनास,
सलाम.

शालू पोचली हे तुला कळलं असेलच. ती रिबूच्या दोन खोल्यांत माईबरोबर राहते आहे. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही असं माईनं पहिल्याच दिवशी सांगितलं. शालूनं डिंकाचे लाडू केले तेव्हा माई दारात उभी राहून सूचना देत होती. आता लाडू शालू वळते आणि तूप किती ते माई ठरवते. लोणचं माई स्वतः काढून शालूच्या ताटात वाढते. याहून जास्त सलोखा मी दोन विहिणींत पाहिलेला नाही.

शालूनं माईला तुमच्या लग्नाची हकिगत सांगितली. माई म्हणाली, "आषाढात? मग दुसरं काय होणार." थोड्या वेळानं म्हणाली, "पण लग्न टिकलं हो तुमचं." शेंगा सोलता सोलता रिबू म्हणाली, "म्हणजे आईदादांचं कायद्यानं नाही आणि आमचं देवानं नाही. आपल्या घरात अख्खं लग्न एकाचंही नाही." शालू हसली, आणि हसता हसता रडायला लागली. नृसिंह तेव्हा दाराशी चप्पल काढत होता. तो आत न येता चहापत्ती आणायला म्हणून परत गेला. चांगला मुलगा आहे.

तू मला मंडळीचा निर्णय म्हणून जे लिहिलंस ते कुणाचं होतं, हे मला कळलं आहे. त्यावर मी काही लिहीत नाही. तुझ्यासारखीच भाषा बिघडेल.

शालूनं निरोप दिला आहे, तो तिच्याच शब्दांत लिहिते. "त्यास्नी लिवा, म्या रुसून न्हाय आले. पोरीला बाळंतपणाला न्यायाला बाप येतो, ही रीत हाय. बाप आला की दोघीबी येतो. न्हाई आला तर हितंच करतो. पण मग म्या परत यायाचं ते कुणाची कोण म्हणून, ते त्यास्नी इचारा."

मला लिहिलेल्या पत्रात तिनं नावाआधी सौ. लिहिलं नव्हतं. तू ठरवलंस की लिहीन, म्हणते.

डॉक्टरांचं म्हणणं आहे की सप्टेंबर संपल्यावर रिबूनं एस.टी.चा प्रवास करू नये.

तू जेवतोस काय?

आक्का


कोडोली
२३ सप्टेंबर १९७४

ती. आक्कास,
शांतवनचा सप्रेम सलाम.

शेजारच्या तानाबाई भाकरी-आमटी देतात. तिखटानं जीभ सोलून निघाली आहे. त्यांना काही म्हणायची सोय नाही, कारण त्या रोज विचारतात, "मास्तर, शालूबाई कवा यायच्या?"

मी वारणेवर जाऊन आलो. जिथं आपण उभे होतो तिथं आता उसाचं रान आहे, पण काठ तोच आहे. पाणी भरपूर होतं. तिथं उभा राहिल्यावर एक गोष्ट आठवली, जी मी भाषणात कधी सांगितली नाही. गुंडूमास्तर लग्न लावायला घाबरत होते. हे काम माझं नव्हे, मला अधिकार नाही, असं ते आबांना दोनदा म्हणाले. आबांनी त्यांना पुढं ढकललं. मग त्यांनी माझा आणि शालूचा हात एकमेकांत दिला. मी हे कधी सांगितलं नाही, कारण गोष्ट सांगताना ते बरं दिसत नाही. म्हणजे अधिकार नव्हता हे त्या बिचाऱ्याला त्याच दिवशी माहीत होतं. तरी लग्न लागलं. शालूचा हात माझ्या हातात होता, ते लागलं की नाही हे मला वकिलांनी सांगायला नको.

माझं मत बदललं असं समजू नकोस. लग्न देव लावतो, हे मी आजही म्हणतो. एवढंच कळलं की कुणाच्या हातानं लावायचं हे तो पंचांना विचारत नाही. माझ्या वेळी त्यानं लायसनवाला पलीकडच्या काठावर उभा केला आणि फाटक्या कोटाच्या माणसाकडून काम करून घेतलं. रिबूच्या वेळी त्यानं कचेरीतला अधिकारी धरला असेल. मला ते आवडलेलं नाही. गाणं असायला हवं होतं. पण माझ्या आवडीनं लग्न खोटं ठरत नाही.

बुधवारच्या सभेत मी मागच्या बाकाचा ठराव परत घ्या म्हणून सांगितलं. जे पंच त्या वेळी गप्प होते तेच आता बोलले. "मास्तर, पोरगी तुमची म्हणून नियम बदलायचा का?" तो प्रश्न मीच त्यांना शिकवला होता. पाद्री समजुतीचं बोलले, पण ठराव राहिला. मग मी पंचपण सोडलं. प्रभुभोजनाचं ताट आता दुसरं कुणी धरेल. वाईट वाटलं. लिहितानाही वाटतं आहे.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी रिबूला न्यायला येतो. तिची खोली सारवून घेतली आहे. माईंना सांग, तिला माहेर आहे, आणि त्यावर माझी आता काही अट नाही. नृसिंहरावांना मी अजून पत्र लिहिलेलं नाही, मायना काय घालावा हे सुचत नव्हतं. जावई म्हणून लिहायचं ठरवलं आहे. तोवर त्यांना माझा सलाम सांग.

शालूला सांग की पुकारा होणार नाही आणि लग्न पुन्हा लागणार नाही. तिनं सौ. लिहावं.

काल मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. तिथून पाद्री नीट दिसत नाहीत, पण ऐकू सगळं येतं. बाक लांब आहे. रिबू, शालू आणि मी बसलो तरी एका माणसाची जागा उरते. नृसिंहरावांना कधी रविवारी यावंसं वाटलं तर त्यांना उभं राहावं लागणार नाही.

तुझा
शांतवन